तळ्याकाठचं जातं

"झाड व्हा म्हणे. झाडाला गुडघे असतात का?"

हे आमचे अहो म्हणाले. ओठ न हलवता, माझ्या कानापासून वीतभर अंतरावर. शनिवारची सकाळ होती. आलरझे तळ्यावर धुकं होतं आणि पलीकडे वोल्फ्सबुर्गच्या कारखान्याची धुराडी कमरेपासून वर तेवढी दिसत होती. आम्ही सगळे गवतावर उभे होतो, डोळे अर्धे मिटून, गुडघे जरासे वाकवून, दोन्ही हात बाजूला सैल सोडून. ताई-चीचा वर्ग असाच सुरू होतो. आधी बराच वेळ काहीच करायचं नाही.

"गप उभे राहा हो," मी म्हटलं.

"उभाच आहे. बसा असं कुठे म्हणाल्यात बाई."

सगळ्यांचे हात सैल होते असं मी म्हटलं खरं, पण अहोंचा फक्त डावाच सैल होता. उजवा जॅकेटच्या खिशात होता.

त्या उजव्या हाताला आमच्या घरात 'खांदा' म्हणायचे. "बाबांचा खांदा दुखतोय." "खांदा आखडलाय, थंडीने होतं." चहाचा कप अर्धाच भरायचा, कारण खांदा. शर्टाची वरची बटणं मी लावून द्यायची, कारण खांदा. आमची लेक अन्वी बारावीत आहे, मराठी सगळं समजतं आणि उत्तर जर्मनमधून देते. तीसुद्धा हा एक शब्द मात्र मराठीत म्हणायला शिकली होती. खांद्याला बिचाऱ्याला काही झालेलं नव्हतं. हात कापत होता. कामात असला की जरा कमी कापायचा. नुसता मांडीवर ठेवला की अंगठा आणि बोटं आपापसात काहीतरी चोळत बसायची, तांदळातला खडा शोधावा तशी.

यातली गंमत अशी, गंमतच म्हणायचं, की आमचे अहो, उल्हास, पोटापाण्यासाठी थरथरच मोजतात. एका लहानशा कंपनीत ते गाड्यांच्या चाचण्या घेतात. अमुक वेगाला स्टिअरिंग का थरथरतं, कुठल्या नटापासून ती थरथर निघते, हे शोधायचं. जेवताना ते अन्वीला सांगायचे, "थरथर दाबायची नसते. रबर लावून गप्प केलीस तर ती दुसरीकडून निघते. आधी तिचं काय म्हणणं आहे ते ऐकायचं." हे सांगणारा माणूस स्वतःचा हात खिशात घालून बसलेला असे. मी पोळी वाढत असे.

आणि हे सगळं आम्हाला नवीन नव्हतं. माझे सासरे, अण्णा, कंपवाताने गेले. चिंचवडच्या घरात सासूबाईंनी त्यांना वर्षानुवर्षं भरवलं, दाढी केली, कूस बदलून दिली. अण्णा गेल्यावर तो शब्दही घरातून गेला. पंचांगातली अवस काढून टाकावी तसा. आता सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या, आणि नेमका त्यातल्याच एका गुरुवारी न्यूरोलॉगचा, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरचा, टेर्मिन मिळाला होता, भेटीची वेळ. अर्धं वर्ष वाट बघून मिळालेला.

"पुढे ढकलू," उल्हास म्हणाले. "आई आहे घरात. कुठे चाललास म्हणून विचारेल. तिनं पुन्हा ते सगळं बघायचं?"

"पुन्हा अर्धं वर्ष थांबायचं?"

"आल्झो, म्हणजे, बघू."

मी म्हटलं, "बघा." आमच्या संसारात 'बघा' हा शब्द पुष्कळ ठिकाणी लावलेला आहे, गळक्या नळाला चिंधी बांधावी तसा. रद्द करायचं तर सोमवारी फोन करावा लागणार होता. हा शनिवार होता.

ताई-चीला मी आले ती काही अध्यात्माच्या ओढीने नाही. मला जर्मन शिकायचं होतं. क्लासातलं व्याकरण डोक्यावरून जायचं, म्हणून सावकाश बोलणाऱ्या माणसांच्या शोधात होते. वर्ग घेणाऱ्या आमच्या फ्राउ वेन अगदी सावकाश बोलतात. त्या चीनमधल्या एका डोंगरी गावच्या. लग्न करून इकडे आल्या, नवरा गेला तरी इथेच राहिल्या. सत्तरीच्या आहेत, अंगाने काडी, पायात कापडी बूट. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "तुम्हाला काय शिकायचं आहे?" मी म्हटलं, "भाषा." त्या म्हणाल्या, "मग आधी ऐकायला शिकू." आणि माझं मनगट आपल्या मनगटावर टेकवून घेतलं.

ते मी कधी विसरणार नाही. मनगटाला मनगट टेकलं होतं, पण दाब म्हणून नव्हताच. मी जरा पुढे रेटलं तर तिथे कोणी नव्हतं. मागे घेतलं तर त्या माझ्याबरोबर मागे आल्या, माझ्या आधी नाही आणि नंतरही नाही. दार बंद आहे समजून खांदा लावावा आणि ते उघडंच असावं, तसा माझा तोल गेला आणि मी त्यांच्याच खांद्यावर जाऊन पडले. मला तेव्हा रडू आलं होतं. का ते कळलं नाही. इतकं नीट माझं कोणी ऐकलं नव्हतं बहुतेक.

पुढे कळत गेलं की ही मुळात लढायची विद्या आहे. हात फिरवतो ते वार आहेत, पाऊल टाकतो तो डाव आहे. पण तिचा पाया लढण्यात नाही. हालचालीच्या आधी जे असतं, तिथे तो आहे. त्याला ते वू-ची म्हणतात. अजून डावं-उजवं झालेलं नाही, पुढे-मागे झालेलं नाही, काही म्हणजे काही झालेलं नाही, अशी जागा. फ्राउ वेन म्हणतात, सगळी हालचाल तिथून निघते आणि तिथेच परत जाते, म्हणून आधी तिथे उभं राहायला शिका. मला ती जागा ओळखीची वाटली. नैवेद्य दाखवताना ताटाभोवती पाणी फिरवून झालं की आपण डोळे मिटतो. देवाने अजून खाल्लेलं नसतं आणि आपण अजून ताट उचललेलं नसतं. तेवढ्यात घर कसं होतं, ते आठवून बघा.

असं नुसतं उभं राहताना अंगातलं सगळं वर येतं. ज्याचा गुडघा दुखतो त्याला गुडघा कळतो, ज्याला रडायचं आहे त्याला रडू येतं. हात सैल सोडला की ज्याचा कापतो त्याचा कापतो. म्हणून तर अहोंना हात फिरवणं चालायचं, दोघांनी करायचे डावही चालायचे, झाड होणं तेवढं चालायचं नाही. त्यांना मी पाठीच्या नावाने वर्गात आणलं होतं. आमच्याकडे सगळंच दुसऱ्या अवयवाच्या नावाने चालतं.

फ्राउ वेननी त्यांना खिशातून हात काढा असं कधी म्हटलं नाही. एकदा फक्त सगळ्यांना म्हणून म्हणाल्या होत्या, "जे लपवून धरलं, ते भरलेलं राहतं. जे भरलेलं आहे, त्याला कोणीही ढकलू शकतं."

त्या शनिवारी सासूबाईही आल्या होत्या. "घरात एकटी बसून खिडकीतनं गाड्या मोजू का?" म्हणाल्या. बाकावर शाल गुंडाळून, थर्मास मांडीवर घेऊन बसल्या. आम्ही झाड होऊन झाल्यावर जोड्या केल्या. समोरासमोर उभं राहायचं, एकेक पाऊल पुढे, मनगटं टेकवायची आणि दोघांनी मिळून आडवं गोल फिरवायचं. तो पुढे आला की आपण मागे जायचं, कमरेतून वळायचं, तो संपला की आपण पुढे. कोणी ढकलायचं नाही, कोणी तुटायचं नाही.

माझ्या जोडीला वर्गातले हेर क्रूगर होते. कपाटाएवढा माणूस, पण हाताला हल्ली लोणी झालेला. आमचे दोनचार फेरे होतात न होतात तोच बाकावरून आवाज आला.

"अगं सरिता, हे तर जातं."

"काय, आई?"

"जातं गं. दोघी बसलो की असंच. खुंट्यावर दोघींचा हात. एकीनं ओढलं की दुसरीचा खांदा गेला. ओढायचं नसतंच. तिच्याबरोबर जायचं." त्यांनी बसल्या बसल्या हवेत हात फिरवून दाखवला. कमरेतून वळल्या. मी थक्क झाले. ते वळणं मला यायला दोन हिवाळे लागले होते.

फ्राउ वेन माझ्याकडे बघत होत्या. जात्याला जर्मनमध्ये काय म्हणतात मला येईना. मी सांगितलं, "दोन बायका, एक दगड, मध्ये धान्य."

फ्राउ वेननी सासूबाईंकडे नीट पाहिलं. "गेनाऊ, अगदी तसंच," म्हणाल्या. "आमच्याकडे आजी आणि आई बसायच्या. दिवसभर दोघी भांडायच्या. दगडाशी बसल्या की नाही."

हे मी सासूबाईंना सांगितलं. "बसल्यावर कसल्या भांडणार," त्या म्हणाल्या. "पीठ जाडं पडतं."

मग फ्राउ वेन उल्हासांकडे वळल्या. "या. आज माझ्याशी."

अहो गेले. डावा हात पुढे केला, उजवा खिशातच. इंजिनिअर माणूस उभा कसा राहिला, तर पाय लांब फाकवून, गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ, गुरुत्वमध्य खाली. मला त्यांच्या डोक्यातली आकृती दिसत होती. फ्राउ वेननी एक गोल फिरवला, दुसरा फिरवला, आणि तिसऱ्यात काही न करता त्यांना जागचं उचललं. ढकललं असं नाही म्हणता येणार. ते स्वतःला जिथे रोवून उभे होते, तिथली जमीनच त्यांनी काढून घेतली. दोन पावलं ते मागे गेले.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. "तुम्ही जोर कुठून लावलात?"

"जोर तुमचा होता," फ्राउ वेन म्हणाल्या. "मी परत दिला. पुन्हा या."

पुन्हा गेले. या वेळी चिडून गेले, मोठं पाऊल टाकलं, आणि त्यांचा बूट फ्राउ वेनच्या कापडी बुटावर पडला.

आता इथे एक सांगायला हवं. कोणाला पाय लागला की आपला हात आपोआप जातो, त्या माणसाला शिवून आपल्या कपाळाला लागतो. उल्हासांचं हे इतकं पक्कं आहे की इथे बसमध्येही थांबत नाही. एकदा एका म्हाताऱ्या बाईला त्यांचा पाय लागला, यांनी तिच्या कोटाला शिवून कपाळाला हात लावला, तर डोकं दुखतंय समजून तिने पर्समधून गोळी काढून दिली. विचार करून कोणी ते करत नाही. हात आधी जातो, आपण मागून पोचतो. आणि जातो तो उजवा. डावा कोणाचाच जात नाही, कारण हे शिकवलेलंच नसतं, ते अंगात असतं.

त्या दिवशी उल्हासांचा डावा हात गेला.

वाकले, डाव्या हाताने फ्राउ वेनच्या पायाला शिवले, डावाच कपाळाला लावला. पापणी लवायच्या आत झालं. वर्गाला वाटलं हा एखादा डाव असेल. हेर क्रूगरनी तसंच वाकून बघितलंसुद्धा. पण मी बाकाकडे पाहिलं. सासूबाई थर्मासचं झाकण लावत होत्या. त्यांचा हात झाकणावर थांबला होता.

आम्ही गेले दोन महिने इतकी काळजी घेतली होती. अर्धे कप, बटणं, खांदा, शेकायची पिशवी. त्यांनीही रोज विचारलं होतं, "शेकलास का रे?" आणि आम्ही खूश होतो की कळलेलं नाही. आता मला त्यांचा चेहरा दिसला, आणि एकदम उमगलं. या बाईने असा हात इतकी वर्षं आपल्या हातात धरला होता. तिला कळायला काय उरलं होतं? ती आमच्यासाठी गप्प होती. आम्ही तिच्यासाठी. चौघं एका घरात, सगळे भरलेले, एकमेकांना न ढकलता आणि न ऐकता.

त्या उठल्या. थर्मास बाकावर ठेवला, शाल खांद्यावरून काढून घडी केली, तीही ठेवली. चपला काढल्या. गवत ओलं होतं.

"आई, पाय गार पडतील," मी म्हटलं.

"पडू देत." त्या फ्राउ वेनपाशी आल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "बाई, जरा सरका. मी बसते याच्याबरोबर जात्यावर."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर फ्राउ वेन बाजूला झाल्याही होत्या.

उल्हासांनी डावा हात पुढे केला.

"हा नको," सासूबाई म्हणाल्या. "उजवा दे."

"आई, तो खांदा..."

"अरे, दे तर."

उल्हासांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी 'बघा' म्हटलं नाही. त्यांनी खिशातून हात काढला. मोकळ्या हवेत तो कापत होता, चांगलाच, भर उजेडात, सगळ्या वर्गासमोर. बिचारा हात. इतके दिवस अंधारात होता.

सासूबाईंनी त्याला धरलं नाही. आपलं मनगट त्याच्याखाली नुसतं टेकवलं, आणि फिरायला लागल्या. त्यांना ना पाऊल माहीत होतं ना डाव. पण त्या कमरेतून वळत होत्या, आणि तो मागे गेला की त्या होत्या, पुढे गेला की त्या नव्हत्या. उल्हासांचे कुलूप लावलेले गुडघे हळूहळू सुटले. मला दिसलं ते. मग खांदा उतरला, तो खराखुरा खांदा, ज्याला काही झालं नव्हतं. आणि फिरता फिरता हाताचं कापणं कमी होत गेलं, मग दिसेनासं झालं. तळ्यावरचं धुकं पांगत होतं. बदकं सोडून कशाचाही आवाज नव्हता. जोड्या थांबल्या होत्या, पण कोणी टक लावून बघत नव्हतं. सगळे नुसते उभे होते, झाडांसारखे, आणि मला पहिल्यांदा कळलं की झाड व्हा म्हणजे काय. कोणासाठी तरी तिथे असायचं आणि काही करायचं नाही.

फ्राउ वेन माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "आत्ता कोण ढकलतंय?"

मी नीट बघितलं. मला सांगता येईना. दोन माणसं होती आणि एक फिरणं होतं, आणि त्यात आई कुठे संपते आणि मुलगा कुठे सुरू होतो त्याचा सांधा सापडत नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. देवळात येतो तसा नाही. देवळात आपण समोर असतो. इथे मी आतच होते.

मग सासूबाईंनी वेग कमी केला. थांबवलं नाही, जातं आपोआप थांबतं तसं होऊ दिलं. फिरणं लहान झालं, आणखी लहान झालं, आणि थांबलं. त्यांनी मनगट वळवून तळवा वर केला. उल्हासांचा हात त्यात पडला.

आणि पडल्याबरोबर पुन्हा कापायला लागला. अंगठा, बोटं, तांदळातला खडा.

त्यांनी मूठ मिटली नाही. दाबला नाही, चोळला नाही, शेकून घे म्हणाल्या नाहीत. त्यांचा म्हातारा तळवा खाली उघडा होता आणि त्यावर तो हात थरथरत होता, आणि त्या मान किंचित तिरपी करून उभ्या होत्या. कोणी हळू आवाजात बोलत असलं की आपण करतो तशी.

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच.

उल्हासांनी हात काढून घेतला नाही. खाली, त्या हाताकडेच बघत होते. गाडीतली थरथर ऐकताना त्यांचा चेहरा असतो तसा झाला होता, सगळं बंद करून फक्त ऐकणारा. तो मी हल्ली पाहिला नव्हता.

"आई," ते म्हणाले, "हा खांदा नाही. अण्णांचंच आलंय मला. गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय, तू चल माझ्याबरोबर."